नाव बदला, फोटो बदला

नोएलीन हॅड्रिक वॉरापिनच्या साप्ताहिकात होती, तेव्हा गावातलं प्रत्येक मरण तिच्या हातून जायचं. घरचं कुणीतरी काउंटरवर येऊन टोपी हातात धरून उभं राहायचं, आणि नोएलीन त्यांना निधनाचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची. नाव बरोबर आहे? नातवंडांपैकी कुणी राहिलं का? ते मान हलवायचे, कधी रडायचे, कधी एखाद्या जावयाचं नाव मुद्दाम गाळायला सांगायचे. सगळं झालं की मगच पान छापायला जायचं. मग शहरातल्या मालकांनी एका सोमवारी फोनवर सांगितलं की पेपर परवडत नाही, आणि त्याच आठवड्यात दाराला कुलूप लागलं. नोएलीन तेव्हा पंचावन्नच्या पुढची. त्या वयात वॉरापिनसारख्या गव्हाच्या गावात बाईला दुसरं काम कोण देणार? नवरा लॉरी धान्याच्या कोठारांवर वजनकाट्याला होता, तेवढ्यावर घर चाललं.

रिकाम्या हातांची तिला सवय नव्हती. म्हणून गॅव्ह ट्रँटर दारात येऊन उभा राहिला, तेव्हा तिला मनातून बरंच वाटलं. गॅव्हचं पेरणी-कापणीच्या यंत्रांचं दुकान होतं. तो फुटबॉल क्लबचा, म्हणजे तिकडच्या लंबगोल चेंडूच्या, अठरा जणांच्या खेळाच्या क्लबचा अध्यक्ष होता, स्वयंसेवकांच्या अग्निशमन दलाचा प्रमुख होता, आणि गावात कुठेही चार माणसं जमली की तिथे पाचवा तोच असायचा.

"नोल्स, तू पेपरात होतीस ना? मग आमचं ते फेसबुकचं पान ताब्यात घे बघू. पार उकिरडा झालाय त्याचा."

"आणि मला काय मिळणार?"

"शनिवारी कँटीनमधला खिम्याचा पॅटिस फुकट. सॉससकट."

"सॉसचेसुद्धा पैसे नाही घेणार? मग क्लब बुडालाच म्हणायचा," आतून लॉरी ओरडला.

पहिला हंगाम तिचा जीव काढणारा गेला. गुरुवारी सरावानंतर संघ निवडला जायचा, गॅव्ह बिअरचा डाग पडलेल्या कागदाचा फोटो पाठवायचा, आणि नोएलीन ती अक्षरं लावत बसायची. शनिवारी निकाल, सामन्याचे फोटो, नेटबॉलच्या मुलींचे गुण. रविवारी वाढदिवस, निधीसाठी मांसाची टोपली बक्षीस ठेवून काढलेली सोडत, कँटीनमध्ये पुढच्या वेळी कुणाची पाळी. प्रत्येक पोस्ट नव्याने मांडायची. तरी कुणाची तरी आई फोन करायचीच की आमच्या ब्रेटच्या नावात दोन टी आहेत. लॉरी म्हणायचा, "क्लबशीच लग्न करायचं होतं तर आधी सांगायचंस. मी सूट तरी भाड्याने आणला नसता."

उन्हाळ्यात सामने नसतात. त्या उन्हाळ्यात तिने साचे केले. पेपरातही चौकटी ठरलेल्या असायच्याच, त्यामुळे ही गोष्ट तिला कुणी शिकवावी लागली नाही. क्लबचा गर्द लाल रंग, मधून पांढरा पट्टा, कोपऱ्यात क्लबचं चिन्ह असलेली टिटवी. फोटोची जागा ठरलेली, नावाची जागा ठरलेली. संघाचा एक साचा, जिंकल्याचा एक, वाढदिवसाचा फिती-फुग्यांचा, बाळ झाल्याचा, शंभर सामने झाल्याचा. पावसामुळे सराव रद्द झाल्याचाही एक होता आणि त्याच्या कोपऱ्यात छोटीशी छत्री होती, जरी वॉरापिनमध्ये ती वापरायची वेळ वर्षातून एखाद्या वेळीच यायची. हरल्याच्या साच्यावर तिने लिहिलं होतं, 'थोडक्यात हुकलं, पण पोरं लढली.' पुढच्या हंगामात क्लब शंभरावर गुणांनी हरला तेव्हाही तेच गेलं.

"थोडक्यात?" कँटीनच्या खिडकीतून बर्न म्हणाली. "अगं, आपल्या पोरांना मैदान सापडलं हेच खूप झालं."

बर्न मल्काही ही नोएलीनची मैत्रीण. दोघी लहानपणापासून एकत्र नेटबॉल खेळलेल्या, गुडघे दोघींचेही त्यातच गेलेले. आता बर्न कँटीन सांभाळायची. उकळत्या तेलाच्या टाकीसमोर बाह्या सरसावून उभी, आणि तोंड तेलापेक्षा गरम. तिचा नवरा केल्व्हिन मेंढ्यांचा ट्रक चालवायचा, आठवड्यातले चार दिवस घराबाहेर. एकच मुलगा, रॉरी. विशीच्या आतबाहेरचा, लांब हातापायांचा, खांबांच्या अगदी जवळ उभा राहूनही चेंडू बाहेर मारणारा. सगळं गाव त्याच्यावर ओरडायचं, आणि त्याच्यावर जीवही सगळ्या गावाचा होता. सामना संपला की तो कँटीनच्या मागच्या दाराने यायचा, आईच्या हातातल्या चिमट्यातूनच बटाट्याचे तळलेले काप पळवायचा आणि म्हणायचा, "नोएलीन मावशी, आजच्या निकालात माझं नाव चुकून टाकायचं राहिलं तरी चालेल हं."

साचे आले आणि पान असं चमकायला लागलं की शेजारच्या गावांचे क्लब विचारू लागले. विभागाच्या बैठकीत गॅव्ह छाती काढून सांगायचा, "आमच्याकडे व्यावसायिक बाई आहे." नोएलीनला ते ऐकून बरं वाटायचं. इतक्या वर्षांत तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, पण नावही घेतलं नव्हतं.

मग सेस पॉडमोर गेला. मैदानाच्या कडेला पत्र्याच्या खोपटात बसून भोंगा वाजवणारा, सामन्याची वेळ राखणारा म्हातारा. दोन पिढ्यांनी त्याच्या भोंग्यावर खेळ थांबवला होता. त्याच्यासाठी काहीतरी करायला हवं म्हणून नोएलीन आणि बर्न कँटीनच्या बाकावर बसल्या. तेल निवत होतं. 'तीव्र दुःख होत आहे' वगैरे नोएलीनने दोन-तीनदा लिहून पाहिलं.

"हे असं लिहिलंस तर सेस उठून तुझ्या कानाशी भोंगा वाजवेल," बर्न म्हणाली. मग थोडा वेळ ती त्या खोपटाकडे बघत राहिली. "असं लिही. तुझी जागा आम्ही कुणाला देणार नाही."

तेवढंच गेलं. काळी-पांढरी चौकट, सेसचा दात नसलेला हसरा फोटो, आणि खाली ते वाक्य. सेसची म्हातारी बायको मैदानावर आली, नोएलीनचा हात धरून नुसती उभी राहिली. नोएलीनने ते कार्ड जपून ठेवलं. कामाची सवयच तशी; साच्यांच्या रांगेत तेही ठेवून दिलं, नावाच्या आणि फोटोच्या जागा मोकळ्या करून. पुढे क्लबचे आजीव सभासद असलेले एक गृहस्थ गेले, मग खताच्या कंपनीतला एक प्रायोजक गेला, आणि दोघांसाठीही तेच वाक्य वापरलं गेलं. मग गॅव्हचा कुत्रा मेला. लाल केसांचा, दर सामन्यात एकदा तरी मैदानात घुसणारा. गॅव्हने हट्ट धरला आणि नोएलीनने कुत्र्याचंही कार्ड केलं. लोकांनी ते सगळ्यात जास्त पाहिलं. आठवडाभर गावात जो तो एकमेकांना म्हणत होता, तुझी जागा आम्ही कुणाला देणार नाही, हां!

"काय गं, माझं वाक्य कुत्र्याला घातलंस?" बर्न म्हणाली. पण तीही हसत होती.

नोएलीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा पान चालवणार कोण, हा प्रश्न आला. गॅव्ह म्हणाला, मी. तिने कँटीनच्या काउंटरवर फोन ठेवून त्याला दाखवलं. "हा साचा उघड. नाव बदल, फोटो बदल, इथे बोट दाब. दोन मिनिटांचं काम. तुझ्या कुत्र्यालासुद्धा जमलं असतं."

"हे काय, मध्येच थांबलं? 'संमतीची वाट पाहत आहे'?"

"मी तशी सोय करून ठेवली आहे. एकाने टाकायचं, दुसऱ्याने बघून हो म्हणायचं. पेपरात असंच असायचं."

"अगं, तू तिकडे पलंगावर भूल घेऊन पडलेली असणार, आणि मी तुझ्या संमतीची वाट बघू? क्लबचा अध्यक्ष आहे का शाळेतला पोरगा मी?"

तो दोन दिवस त्याच्यावरून कुरकुरला. शेवटी नोएलीनने ती अट काढून टाकली. ऑपरेशन झालं, ती काठी घेऊन हिंडायला लागली, पण अट परत घालायचं राहून गेलं. गॅव्हला पोस्ट टाकायची गोडी लागली होती, आणि तिलाही एवढ्या वर्षांनी शनिवारचा सामना डोळ्यांनी बघायला मिळत होता.

सप्टेंबरात, अंतिम फेरीच्या सामन्यांच्या तोंडावर, एका मंगळवारी दुपारी रॉरी तो कामाला होता त्या शेतावर मेंढ्या हाकत होता. चार चाकांची ती शेतातली मोटारसायकल कालव्याच्या बांधावर चढली आणि उलटली. तो खाली सापडला. अग्निशमन दलाच्या गाडीतून सगळ्यांत आधी पोहोचलेल्यांत गॅव्ह होता. त्यांनी ते धूड उचललं. काही उपयोग नव्हता.

गॅव्ह तिथे लहान मुलासारखा रडला, हे पाहणारे सांगतात, आणि ते खरंच असणार. या पोराला त्यानेच पहिल्यांदा चेंडू लाथाडायला शिकवलं होतं. रुग्णवाहिका आली, पोलीस आले, आणि गॅव्हला करायला काही उरलं नाही. तो दलाच्या गाडीत जाऊन बसला. हाताला काहीतरी हवं म्हणून त्याने फोन काढला. साचा तयारच होता.

नोएलीन तेव्हा सुपरमार्केटमध्ये दुधाच्या कपाटासमोर होती. नेटबॉलच्या संघातली एक बाई जवळ आली, डोळे भरलेले, आणि तिने नोएलीनच्या दंडावर हात ठेवला. "किती सुंदर केलंयस गं कार्ड. तुला कसं सुचतं अशा वेळी?"

"कुठलं कार्ड?"

बाईने आपला फोन पुढे केला. काळी-पांढरी चौकट होती. रॉरी हसत होता. फोटो वाढदिवसाच्या कार्डावरून उचलला होता. उजव्या कडेला फितीचा एक तुकडा तसाच राहिला होता. खाली ते वाक्य. आणि त्याच्याखाली हृदयं आणि रडके चेहरे जमा होत होते, ती बघत असताना वाढत होते.

ती काठी टेकत बाहेर आली आणि गाडीत बसून तिने गॅव्हला फोन लावला.

"काढ ते."

"नोल्स... तू असायला हवी होतीस. पोरगं अगदी..."

"गॅव्ह, बर्नला कळलंय का?"

"पोलीस गेलेत तिच्याकडे."

"आणि केल्व्हिन?"

गॅव्ह म्हणाला, "आता काढलं तर वाईट दिसेल गं. तीनशे लोकांनी..."

तिने फोन ठेवला आणि त्याच फोनवरून स्वतः ती पोस्ट काढली. पण तोवर ती क्लबच्या पानावर एकटी राहिलीच नव्हती. शेजारच्या क्लबांनी उचलली होती, शाळेच्या पानाने उचलली होती, अडलेडमध्ये राहणाऱ्या रॉरीच्या चुलत-मावस भावंडांनी उचलली होती.

बर्नला पोलिसांनी वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात गाठलं होतं, ती तिथे कामाला होती. तिचं पहिलं वाक्य होतं, केल्व्हिन गाडी चालवत असताना त्याला सांगू नका. सार्जंट भला माणूस. त्याने राज्याच्या सीमेपलीकडच्या पोलिसांना फोन करून ठरवलं होतं की केल्व्हिन पोर्ट ऑगस्टाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरला की त्याला बाजूला घेऊन, बसवून सांगायचं. ते निघालेही होते. पण मधल्या पट्ट्यात फोनला रेंज नसते, आणि थांब्यावर रेंज येते.

नोएलीन संध्याकाळी बर्नच्या घरी गेली. अंगणात गाड्या उभ्या होत्या, आत बहिणी होत्या. बर्न दारात आली. धुलाईखान्याचा निळा अंगरखा अजून अंगावरच होता.

"तू टाकलंस?"

"नाही गं. देवाशपथ नाही. गॅव्हने टाकलं."

"पण आहे तुझंच ना ते?"

नोएलीनने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आणि वाक्य माझं," बर्न म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, बटाट्याचे काप संपले असं सांगावं तसा. "सेससाठी दिलं होतं मी ते. सेससाठी. तुम्ही ते खतवाल्याला दिलंत. कुत्र्याला दिलंत. आणि कुत्र्यानंतर माझ्या पोराला."

"बर्न..."

"फोटोच्या कडेला फुग्याची फीत आहे, नोएलीन. तेवढीसुद्धा कापायला कुणाला वेळ नव्हता?"

एका बहिणीने येऊन तिला आत नेलं. दार लागलं.

गावाला वाटलं, ते नोएलीनने केलं. वाटणारच, पान तिचं, साचे तिचे. औषधाच्या दुकानात, टपालात माणसं तिच्याशी बोलताना मध्येच थांबायची. पेपरात एवढी वर्षं काढलेली बाई, तिला एवढंही कळू नये? हे तिच्या कानावर येत होतं. लॉरी रोज म्हणायचा, "सांगून टाक ना सगळ्यांना. नाहीतर मी सांगतो." ती म्हणायची, "गॅव्ह सांगेल. अंत्यविधीच्या आत सांगेल बघ." गॅव्हने अंत्यविधीला शवपेटीला खांदा दिला. चर्चच्या पायऱ्यांवर तो प्रत्येकाला मिठी मारत होता. त्याने काहीही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात कार्यकारिणी बसली. लांब टेबल, मध्ये चीज आणि बिस्किटांची थाळी, तिला कुणी हात लावला नव्हता. गॅव्ह खाकरला.

"क्लबने माफी मागायला हवी, यावर सगळ्यांचं एकमत आहे. नोल्स, तू लिहून दे. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही."

"लिहिलंय," नोएलीन म्हणाली आणि तिने वाचून दाखवलं. त्यात सरळ होतं: रॉरी मल्काहीच्या मृत्यूची बातमी त्याच्या वडिलांना कळायच्या आधी अध्यक्ष गॅव्ह ट्रँटर यांनी क्लबच्या पानावर टाकली. टाकण्याआधी दुसऱ्याने बघायची अट नोएलीन हॅड्रिकने काढली होती. बर्न आणि केल्व्हिन, आमचं चुकलं.

खजिनदार चीजकडे बघत होता.

"हे बघ," गॅव्ह म्हणाला, "नावं कशाला घालायची? सगळे आधीच दुखावलेत. अंतिम सामना तोंडावर आहे, पोरांची मनं सांभाळायला हवीत. जरा मोघम ठेव. क्लबला खेद आहे, कुणाला त्रास झाला असल्यास, असं काहीतरी." मग त्याला एक गोष्ट सुचली, आणि ती त्याला अगदी मनापासून चांगली वाटली, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "नावच नको घालूस कुणाचं. म्हणजे पुढेमागे परत वापरता येईल."

नोएलीनने टेबलाभोवती पाहिलं. एकाही माणसाला त्यात वावगं दिसलं नव्हतं. दोघांनी तर माना हलवल्या.

"गॅव्ह, तू ऐकतोयस का स्वतःला?"

"आता मी काय वाईट बोललो?"

ती उठली. काठी भिंतीला लावली होती ती घेतली, पासवर्ड लिहून दिला आणि बाहेर पडली. मागून कुणीतरी म्हणालं, "तिलाही लागलंय बिचारीला. थोडे दिवस जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी क्लबची माफी आली. गॅव्हने स्वतः केली होती. घाईत त्याला सापडला तो सराव रद्द झाल्याचा साचा. 'अलीकडच्या एका पोस्टमुळे कुणाला त्रास झाला असल्यास क्लब दिलगीर आहे,' आणि कोपऱ्यात छत्री. संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्याच्या लक्षात आणून दिलं असावं, कारण छत्री गेली, पण ती होती तिथे एक पांढरा चौकोन राहिला.

नोएलीनने भाजलेल्या कोंबडीचं जेवण करून मल्काहींच्या दारात ठेवलं. घंटा वाजवली, कुणी आलं नाही. दोन आठवड्यांनी केल्व्हिन ते भांडं परत घेऊन आला, घासून पुसून. लॉरीने त्याला आत बोलावलं. तो आला नाही. दारातच उभा राहिला, टोपी डोक्यावर, आणि नोएलीनकडे न बघता बोलला.

"बर्न म्हणते तू टाकलं नव्हतंस."

"नाही रे, केल्व्हिन."

"हं. मी बर्गरच्या रांगेत होतो. खिशात फोन नुसता थरथरायला लागला. काढून बघितला तर पोरगं हसतंय आणि खाली ते वाक्य. मला वाटलं, पोरांनी काहीतरी फाजीलपणा केलाय. कुत्र्याच्या वेळी केला होता तसा." त्याने भांडं कठड्यावर ठेवलं. "मी हसलो, नोएलीन. पुढच्या माणसाला दाखवलंसुद्धा. म्हटलं, बघ, माझं कार्टं. आणि मग खालचं सगळं वाचायला लागलो."

लॉरी आत निघून गेला. केल्व्हिन भांड्याकडे बघत म्हणाला, "बर्न सांगते भांडं चांगलं आहे, कुठून घेतलंस." हे बर्नने खरंच सांगितलं होतं की त्याला काहीतरी बोलायचं होतं म्हणून तो बोलला, हे नोएलीनला कधी कळलं नाही.

क्लब तो अंतिम सामना जिंकला. दंडाला काळ्या पट्ट्या बांधून पोरं खेळली, आणि गॅव्हने जिंकल्याचा साचा टाकला. मोटारी भोंगे वाजवत मैदानाभोवती फिरल्या. हॅड्रिकांच्या घरापर्यंत आवाज येत होता. लॉरी बघायला गेला नाही. त्याने तो दिवस गच्च बसलेला नळ काढण्यात घालवला.

पुढच्या हंगामात पहिल्या गुरुवारी संघ जाहीर झाला. रॉरी उभा राहायचा त्या जागी मिल्डुराहून पैसे देऊन आणलेल्या एका खेळाडूचं नाव होतं. त्यात गैर काय? अठरा जागा असतात, अठराही भराव्याच लागतात. पण गावातल्या बऱ्याच जणांनी त्या दिवशी ती पोस्ट बघून फोन खाली ठेवला. हिवाळा सुरू व्हायच्या आत मल्काहींनी घर विकलं आणि ते वॉर्नमबूलकडे, समुद्राच्या बाजूला गेले. नोएलीनला हे मांसाच्या दुकानात कळलं. ती घरी न जाता बर्नच्या गल्लीतून गाडी घेऊन गेली. पडदे काढलेले होते, आणि अंगणात नवीन माणसांचा ट्रॅम्पोलीन होता.

साचे मात्र गेले नाहीत. विभागाने ते सगळ्या क्लबांना वाटले. दर क्लबाने आपापला रंग भरला. विभागाच्या वार्षिक समारंभात त्याबद्दल वॉरापिनला चांदीची थाळी मिळाली. गॅव्हने ती स्वीकारली आणि भाषणात म्हणाला, आमच्या क्लबातल्या एका पडद्यामागच्या व्यक्तीचं हे श्रेय आहे. त्याने नाव घेतलं नाही. बहुधा त्याला वाटलं असेल, अशात तिचं नाव न घेणंच बरं, तिच्याच भल्याचं. तो दुष्ट माणूस नव्हता.

काही महिन्यांनी औषधाच्या दुकानात तो तिला भेटला. ती लॉरीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी रांगेत होती. गॅव्ह थोडा खंगल्यासारखा दिसत होता. आधी त्याने गुडघ्याची चौकशी केली, मग पावसाची.

"परत ये ना, नोल्स. आताची पोरगी नुसता गोंधळ घालते. कालच्या निकालात नेटबॉलवाल्या पोरींना पुरुषांचे गुण लावले."

"गॅव्ह, तू केल्व्हिनला कधी फोन केलास?"

त्याने टोपी काढली, परत घातली. "करायचा आहे. रोज म्हणतो. पण काय बोलू? तोंडात काही येतच नाही गं."

गॅव्हने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्याचे डोळे ओले झाले होते.

"तू मला लिहून देशील का? चार ओळी. तुला ते छान जमतं. मी पाठवतो त्याला, माझ्या नावाने."

नोएलीनने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो अगदी मनापासून विचारत होता. हात जोडल्यासारखे एकमेकांत गुंतवलेले.

"नाही," ती म्हणाली. "नाही देणार."

"अगं पण का?"

काउंटरवरच्या मुलीने हॅड्रिक म्हणून हाक मारली. ती गोळ्या घेऊन बाहेर पडली.

त्याच दुपारी, लॉरी मागच्या बाजूला लाकडं फोडत असताना, तिने स्वतः केल्व्हिनला फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग मागे इंजिनाची घरघर आणि केल्व्हिनचा आवाज.

"कोण?"

"नोएलीन."

इंजिन चालू होतं. मेंढ्या ओरडत होत्या.

"हं," तो म्हणाला.

तिला वाटलं होतं, फोन उचलला गेला की काहीतरी तोंडात येईल. आलं नाही. तिने विचारलं, "बर्न कशी आहे?"

"आहे. समुद्रावर जाते सकाळी."

"चालत?"

"चालत."

लॉरीची कुऱ्हाड थांबली आणि परत सुरू झाली.

"पुढे रेंज जाईल आता," केल्व्हिन म्हणाला.

"बरं. जपून चालव."

"हं."

फोन बंद झाला. रेंज गेली की त्यानेच ठेवला, हे तिला सांगता आलं नसतं. तिने उठून संध्याकाळच्या जेवणासाठी बटाटे सोलायला घेतले. त्या आठवड्यात बर्नचा फोन येईल असं तिला वाटत होतं. त्या आठवड्यात आला नाही, आणि पुढेही कधी आला नाही.